जहाजावरील आजार आणि त्याचा आरोपी

आमची नालवाडी वर्ध्याच्या अगदी कडेला, आणि वर्ध्याहून कोणत्याही दिशेस निघाले तरी समुद्र शेकडो मैल दूर. तेव्हा येथे बसून आगबोटींविषयी लिहिण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारल्यास आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही. परंतु विषय आमच्या घरी आपण होऊन चालत आला. आमचे साडू परदेशी मुलाकडे गेले होते. चिरंजीवांनी मोठ्या हौसेने त्यांस आठ दिवसांच्या सागरी सहलीस पाठविले. तिसऱ्या दिवशी बोटीवर उलट्या व ढाळ यांचा धुमाकूळ सुरू झाला, पुष्कळ उतारू अंथरुणास खिळले, आणि साडूंस दोन दिवस खोलीबाहेर पाऊल टाकण्याची बंदी झाली. परत आल्यावर ते आम्हांस म्हणाले, "अहो, एवढे पैसे मोजून शेवटी कैदच! आणि तिथे काय जत्रेतली गर्दी होती? सगळी माणसे धुतल्या तांदळासारखी. मग हा रोग आणला तरी कोणी? तुम्ही इतिहासवाले ना, सांगा पाहू."

प्रश्न त्यांनी थट्टेने विचारला. परंतु त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातील बराचसा आपल्या मुंबई बंदराशी निगडित आहे.

प्रथम आजच्या रोगाविषयी थोडे सांगितले पाहिजे. सहलीच्या जहाजांवर जो पोटाचा विकार वारंवार उद्भवतो, त्याचे कारण बहुधा नोरोव्हायरस नावाचा विषाणू असतो. १९६८ साली अमेरिकेतील ओहायो प्रांतात नॉरवॉक गावच्या एका शाळेत मुले एकाएकी ओकू लागली. त्या साथीतील नमुन्यांतून १९७२ साली कापिकियन ह्या शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू पाहिला, आणि गावाचे नाव रोगाला चिकटले. अंगात शिरल्यापासून दिवस-दोन दिवसांत तो प्रकट होतो व एक ते तीन दिवस माणसाला पिळून काढतो. पण धडधाकट माणूस त्यातून बहुधा उठतो. मात्र त्याचे शंभराहूनही कमी कण पोटात गेले तरी तेवढे पुरतात. दाराची मूठ, जिन्याचा कठडा, वाढपाचा पळा, एवढ्या वाटा त्यास पुष्कळ होतात. आणि हातांस चोळावयाच्या मद्यार्कयुक्त द्रवाला तो फारशी दाद देत नाही, साबण आणि वाहते पाणी हीच त्यावर खरी मात्रा. हा विषाणू काही जहाजावर जन्मत नाही. शाळा, इस्पितळे, वृद्धाश्रम ह्यांतून तो कितीतरी अधिक हिंडतो; अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या त्याच्या एकंदर उद्रेकांत सहलीच्या जहाजांचा वाटा शेकडा एकच्या आसपास आहे. तरी नाव जहाजाचेच होते. असे का व्हावे, हे पाहण्यासाठी मागे गेले पाहिजे.

मागे गेले म्हणजे नोरोव्हायरस दिसत नाही, दिसते ती पटकी. दोन्ही रोगांची जात निराळी, मारकपणात तर जमीन-अस्मानाचे अंतर. पण वाट एकच, विष्ठेतून हाताला, पाण्याला वा अन्नाला, आणि तेथून तोंडाला. १८६५ साली मक्केच्या यात्रेत पटकीचा मोठा उद्रेक झाला. पंधरा हजारांवर यात्रेकरू दगावले असा त्या काळचा अंदाज आहे. उरलेले आगबोटींनी सुएझला, तेथून आगगाडीने अलेक्झांड्रियाला आणि पुढे भूमध्य समुद्रातील बंदरांना पोहोचले, आणि त्यांच्याबरोबर रोगही पोहोचला. पूर्वीच्या पटकीला युरोपात जावयास खुष्कीच्या मार्गाने वर्षे लागत. ह्या वेळी आठवडे पुरले. युरोप घाबरले. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, आणि तिने पटकीचे माहेर हिंदुस्थान व तिचे वाहक यात्रेकरू, असा निर्णय दिला.

निर्णयाचा पूर्वार्ध बव्हंशी खरा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण उत्तरार्धात जी मेख आहे ती पाहावी. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईचा विलायतेशी व्यापार त्या वाटेने धो धो वाहू लागला. प्रत्येक जहाजास कारंटीन म्हणजे प्रत्येक दिवसाचा तोटा. तेव्हा हिंदुस्थान सरकारच्या आरोग्यखात्याने असा पवित्रा घेतला की, पटकी माणसाकडून माणसास लागतच नाही. ती हवा, भूमी आणि ऋतू ह्यांच्या योगाने होते. डॉ. कनिंगहॅम हे आरोग्य-कमिशनर ह्या मताचे कट्टे पुरस्कर्ते होते. १८८४ साली कोख ह्याने कलकत्त्यास पटकीचा जंतू दाखविला, तरी ते डगमगले नाहीत. शास्त्रीय मतास व्यापाराची झूल कशी चढते ह्याचा इतका स्वच्छ दाखला आमच्या वाचनात दुसरा नाही. एकीकडे ब्रिटिश मालाच्या जहाजास रोग लागत नाही असा आग्रह, आणि दुसरीकडे युरोपीय राष्ट्रांचे समाधान व्हावे म्हणून अटी लादावयाच्या त्या कोणावर, तर मुंबईहून जेद्देस जाणाऱ्या डेकच्या उतारूवर!

त्या बोटींची स्थिती वाईट होती, हे खरेच आहे. पुष्कळ बोटी मुळात मालाच्या; हंगाम आला की त्यांवरच माणसे भरावयाची. शिधा ज्याचा त्याचा, चूल ज्याची त्याची, पाणी टाक्यांतून मोजून मिळे, आणि संडास थोडे. अशा ठिकाणी एक आजारी चढला की बाकीच्यांचे दैवच रक्षण करील. १८७० मध्ये सरकारने देशी उतारूंच्या जहाजांविषयी कायदा केला. उतारूस किती चौरस फूट जागा द्यावी, ह्यावर पुढे कित्येक वर्षे घासाघीस चालली, आणि १८९४ च्या पॅरिस परिषदेतही तो वाद गाजला. परिषदेतील मुत्सद्दी त्या जागेत कधी निजले असते तर निकाल लवकर लागता, असे आम्हांस वाटते.

१८८६ साली ह्या यात्रेच्या व्यवस्थेसाठी सरकारने ज्या कंपनीस नेमले ती थॉमस कुक कंपनी! इंग्लंडातील मध्यमवर्गास सहलींची गोडी लावणारी हीच ती कंपनी. म्हणजे आमच्या साडूंची सुखसहल आणि रत्नागिरीच्या एखाद्या म्हाताऱ्या मुसलमानाची हजयात्रा, ह्या दोहोंचा कारभार एका काळी एकाच पेढीकडे होता. यात्रेकरूंचे हाल कमी करावे असा हेतू होता. पण ह्या व्यवहारात तोटा येऊ लागला, सरकार तो भरून देईना, आणि काही वर्षांत व्यवस्था मोडली.

यात्रेकरूंस खरी धास्ती असे ती तांबड्या समुद्रातील कामारान बेटाची. तुर्की सरकारने १८८२ पासून तेथे कारंटीनचा तळ उभा केला. हिंदुस्थानातून येणाऱ्या प्रत्येक हाजीस तेथे उतरावयाचे, कपडे-गाठोडी धुरी-वाफेस द्यावयाची, शुल्क भरावयाचे आणि उघड्या रुक्ष बेटावर दिवस मोजावयाचे. बोटीवर एखादा पटकीने आजारी सापडला तर मुक्काम आणखी लांबे, आणि हजचा दिवस तर ठरलेला. परिणाम काय व्हावयाचा तो झाला. आजारी माणूस लपविला जाऊ लागला. घरचे लपवीत, सोबती लपवीत, आणि खोटीच्या भीतीने कित्येकदा कप्तानही डोळेझाक करी. ज्या व्यवस्थेने रोग हुडकावयाचा तीच रोग लपविण्यास शिकवी. १८९७ साली मुंबईत प्लेग असता सरकारने त्या वर्षीची यात्राच बंद केली. असो, आपल्या हिंदू वाचकांनी ह्यात परक्याची गोष्ट पाहू नये. पंढरीच्या वारकऱ्यासंबंधाने त्या काळचे आरोग्याधिकारी हेच बोलत होते.

मराठी माणूस ह्या इतिहासात दुसऱ्याही वाटेने येतो. १८३४ पासून गिरमिटावर मॉरिशसला मजूर जाऊ लागले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकण-देशावरचे पुष्कळ होते. त्यांचे वंशज आजही त्या बेटावर मराठी म्हणवून घेतात. १८५६ च्या जानेवारीत कलकत्त्याहून मजूर घेऊन आलेल्या 'हैदरी' वगैरे जहाजांवर पटकी होती. दोनच वर्षांपूर्वी बेटावर पटकीने कहर केला होता, त्यामुळे गोरे मळेवाले भेदरलेले. मजुरांस मुख्य बेटावर न उतरविता गॅब्रिएल नावाच्या उजाड बेटुकल्यावर सोडण्यात आले. पुरता निवारा नाही, पुरते पाणी नाही. दोनशेंहून अधिक माणसे तेथे मेली. ती वार्ता पोहोचल्यावर हिंदुस्थान सरकारने काही काळ मॉरिशसची मजूर-भरती थांबविली. मेलेल्यांत मराठी कोणी नसतील. पण त्याच बंदरास आपलीही माणसे जात होती, एवढे ध्यानात ठेवावे.

कारंटीन हे रोगाचे औषध जितके, तितकेच नको असलेल्या माणसास दारात अडविण्याचे साधनही आहे, ह्याचा अनुभव पुढे वर्ध्यास येऊन राहिलेल्या एका बॅरिस्टरासही आला. १८९६ च्या डिसेंबरात मुंबईहून निघालेली 'कूरलँड' व तिच्या जोडीची 'नादरी' ह्या बोटी दरबानला लागल्या. बोटींवर रोगी एक नव्हता. पण मुंबईत प्लेग होता, आणि दरबानच्या गोऱ्यांस हे हिंदी उतारू नको होते. तीन आठवड्यांहून अधिक काळ बोटी अडवून ठेवल्या, आणि १३ जानेवारी १८९७ रोजी गांधी उतरले तेव्हा त्यांच्यावर जमाव धावून आला.

गंमत अशी की, गोऱ्या वरच्या वर्गासही हे एकदा भोगावे लागले. १८९२ च्या सप्टेंबरात हँबुर्गची पटकी घेऊन 'नॉर्मानिया' ही बोट न्यूयॉर्कला आली. तीवर पहिल्या वर्गात 'नेशन' पत्राचे संपादक गॉडकिन होते. तळमजल्यातील निर्वासितांबरोबर आपणांसही डांबावे ह्याचा त्यांस भयंकर संताप आला, आणि त्यांची लेखणी धारदार असल्यामुळे तो साऱ्या जगाला कळला. शेवटी केबिनच्या उतारूंसाठी फायर आयलंडवरचे एक हॉटेल घेण्यात आले. तर तेथील कोळ्यांचा जमाव धक्क्यावर आडवा उभा राहिला, आणि त्या प्रतिष्ठितांस उतरविण्यासाठी लष्कर बोलवावे लागले. परंतु त्याच महिन्यात अमेरिकेच्या अध्यक्षांनी वीस दिवसांच्या कारंटीनचा जो हुकूम काढला, तो निर्वासित आणणाऱ्या जहाजांपुरता होता. केबिनमधील पोट निराळे आणि तळमजल्यातील पोट निराळे, असा सरकारचा समज दिसतो.

आता साडूंच्या प्रश्नाकडे वळू. जहाजाचे नाव का होते? कारण तेथे मोजणी होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण खात्याने १९७५ पासून आपल्या बंदरांस लागणाऱ्या सहलीच्या जहाजांची तपासणी सुरू केली. उतारूंपैकी वा नोकरवर्गापैकी शेकडा तीन जणांनी आजार कळविला की तो उद्रेक जाहीर होतो, बोटीच्या नावासकट. मोजणीच्या ह्या पद्धतीचा पूर्वज कामारानचा तळच होय. फरक इतकाच की, तेथे मोजला जाणारा आरोपी असे आणि येथे तो गिऱ्हाईक आहे.

पण गिऱ्हाईकही लपवितो. चढताना प्रकृतीचा कागद भरून घेतात, त्यावर 'काही नाही' असे लिहिणारे थोडे नसतात. उलटी झाली असे सांगितले तर खोलीत बसावे लागेल, आणि भरलेले पैसे बुडतील! हाजी हज चुकेल म्हणून लपवी. हा मेजवानी चुकेल म्हणून लपवितो.

आणि जुना डेकचा उतारू अगदीच गेला आहे असेही नाही. तो खाली गेला आहे. मुंबईहून जेद्देस समुद्रमार्गे जाणे १९९५ नंतर बंद पडले. आता गोव्याचे, मुंबईचे आणि कोकणचे कित्येक तरुण ह्याच सहलीच्या जहाजांवर वाढपी, आचारी, खोल्या झाडणारे म्हणून असतात. ओकारी पुसतात ती हेच, आणि रात्री निजतात ते एका खोलीत दोघे-तिघे. रोग निराळा, पण २०२० च्या फेब्रुवारीत योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' अडकली तेव्हाही हेच दिसले. उतारू आपापल्या खोल्यांत बंद, आणि दारोदार ताट पोचविणारे नोकर मोकळे. त्यांत शंभरावर हिंदी होते.

पुसणाऱ्याविषयी आमच्या ह्या भागात थोडा निराळा विचार झाला होता. १९३२ साली विनोबा आमच्या नालवाडीस राहावयास आले. १९३९ च्या सुमारास वर्ध्याच्या परिसरात पटकी आली, तेव्हा नुकत्या डॉक्टर झालेल्या सुशीला नय्यर ह्यांनी ती जवळजवळ एकट्याने हाताळली. पुढे विनोबा पवनारला राहू लागल्यावर १९४६ ते १९४८ ह्या काळात रोज चालत सुरगावास जात आणि तेथील मैला स्वतः साफ करीत. पटकीचा आणि नोरोव्हायरसचा रस्ता जेथून सुरू होतो, तेथेच ते फावडे घेऊन उभे होते. आणि ही घाण कोणाची, हा प्रश्न त्यांनी गावास विचारला नव्हता.

हे सारे आम्ही साडूंना दोन संध्याकाळी सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खरं सांगू? पहिली उलटी मला दुसऱ्या दिवशी सकाळीच झाली होती. बोट लागली असेल म्हणून बोललो नाही. रात्री सर्वांबरोबर जेवायलाही गेलो. डॉक्टरांना कळवलं ते तिसऱ्या दिवशी, पाय उचलेना तेव्हा."

"आणि वाढायला कोण होतं?" आम्ही विचारले.

"गोव्याकडचा एक पोरगा. कोकणी-मराठी बोलायचा, रोज आपणहून लिंबू आणून द्यायचा. चौथ्या दिवसापासून दिसला नाही."