पदवीच्या कागदावरचे नाव

जांबोटी हे माझे आजोळ. साखळी-केरीहून चोर्ला घाट चढून बेळगावला जाणाऱ्या गोंयकारांना हे गाव बसच्या खिडकीतून माहीत आहे. कणकुंबी मागे पडली, दाट झाडी थोडी विरळ झाली की जांबोटी येते. आमच्यापैकी अनेकांसाठी ती चहाला थांबण्याची जागा. माझ्यासाठी मामाचे घर.

गेल्या चवथीनंतर दोन दिवसांची रजा जोडून गेलो होतो. पावसाने घरातली भिंत ओलावली होती, म्हणून मामांनी भिंतीवरच्या तसबिरी उतरवून ओसरीवर पुसायला काढल्या होत्या. त्यात तीन पदवीपत्रे होती. पहिले आजोबांचे, 1949 सालचे, मुंबई विद्यापीठाचे. दुसरे मामांचे, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे. तिसरे मामेभावाचे, 2019 सालचे, बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचे. तीन पिढ्या आणि तीन विद्यापीठे. गंमत अशी की तिघेही शिकले एकाच कॉलेजात, टिळकवाडीतल्या आर.पी.डी.मध्ये!

मी मामेभावाला सहज विचारले, "तुझे विद्यापीठ आहे कुठे?" तो म्हणाला, "भूतरामनहट्टीला, हायवेवर. बसमधून पाहिलंय." आत कधी गेला नव्हता. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाला मात्र तो जातो, वर्गणीही देतो. मामांचे तसेच. धारवाडला ते आयुष्यात एकदाच गेले, तेही एका लग्नाला.

परतीच्या बसमध्ये हा विषय डोक्यातून जाईना. आपल्याकडच्या लहान सरकारी विद्यापीठांना माजी विद्यार्थी का विचारत नाहीत, आणि आजूबाजूच्या समाजाला ती आपली का वाटत नाहीत, याचे निम्मे उत्तर त्या तीन तसबिरींत होते असे मला वाटते.

थोडा इतिहास पाहू. 1857 साली मुंबई विद्यापीठ झाले तेव्हा ते शिकवणारे नव्हते, परीक्षा घेणारे होते. लंडन विद्यापीठाचा तो नमुना. शिकवायचे कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. बेळगावात 1933 साली लिंगराज कॉलेज निघाले, 1945 साली आर.पी.डी. दोन्ही मुंबईशी संलग्न. 1949 साली कर्नाटक विद्यापीठ झाले, पुढच्याच वर्षी ते धारवाडला आले, आणि बेळगावची कॉलेजे त्याच्याकडे गेली. 1956 साली राज्यच बदलले, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. 1982 साली धारवाडच्या विद्यापीठाने बेळगावात पदव्युत्तर केंद्र काढले आणि 2010 साली त्याच केंद्राचे राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. बेळगाव, विजापूर आणि बागलकोट या तीन जिल्ह्यांची कॉलेजे त्याला जोडली गेली. पुढे बागलकोटसाठी वेगळे विद्यापीठ काढण्यात आले.

म्हणजे कॉलेज आपल्या जागी उभे आहे, तीच इमारत, तेच वडाचे झाड, आणि डोक्यावरची पाटी मात्र दोनदा बदलली. विद्यार्थ्याने जीव लावायचा कोणाला? घर तेच आणि सातबाऱ्यावरचे नाव बदलत राहावे, तसे हे झाले. माणूस घराला जीव लावतो, उताऱ्याला नाही.

यावर कोणी म्हणेल की हा सीमाभागाचा प्रश्न आहे. खानापूर तालुक्यातल्या मराठी मुलाला कन्नड पाटीचे विद्यापीठ आपले कसे वाटेल? या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ज्या संस्थेचा कागद आपल्या भाषेत येत नाही तिच्याविषयी मनात अंतर राहते, हे आम्हा गोव्यातल्या मराठीवाल्यांना कोणी समजावून सांगायला नको. पण हे उत्तर फार सोपे आहे. कित्तूरची चन्नम्मा जांबोटीला परकी नाही. 1824 साली तिने कंपनी सरकारशी लढाई दिली आणि तिचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा 1831 साली फासावर गेला तो याच खानापूर तालुक्यातल्या नंदगडला. आणि कन्नड मुलाला तरी हे विद्यापीठ कुठे आपले वाटते? माझ्या ओळखीचे बेळगावचे कन्नड भाषक स्वतःची ओळख सांगतात ती 'लिंगराजचा', 'आर.एल.एस.चा' अशीच. म्हणजे भाषेच्या भांडणाखाली आणखी काहीतरी आहे.

ते पाहायला सीमेवर जायची गरज नाही, आपला गोवा पुरे. मुक्तीपूर्वी गोव्यात वैद्यकीय शाळा होती, पण बी.ए., बी.एस्सी.चे कॉलेज नव्हते. आपली पोरे आगगाडीने कॅसलरॉक-लोंढ्यावरून बेळगाव, धारवाड, मुंबई गाठायची. 1962 साली पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले कॉलेज सुरू झाले, तीही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. 1985 साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले आणि कॉलेजे त्याच्या छत्राखाली आली. इथे भाषेचा पेच तसा नाही, राज्य आपले, नावही आपले. तरी गोंयकार भेटला की विचारतो, "तूं खंयच्या कॉलेजीचो?" 'खंयच्या विद्यापीठाचो' असे विचारलेले मी अजून ऐकलेले नाही.

माझेच सांगतो. मी गोवा विद्यापीठाचा कला शाखेचा पदवीधर. पदवीपत्र कॉलेजच्या ऑफिसात रजिस्टरवर सही करून घेतले. ताळगावच्या पठारावर विद्यार्थी म्हणून माझे पाऊल पडले नाही. तीन वर्षांत विद्यापीठाशी माझा संबंध आला तो आसन क्रमांक, गुणपत्रिका आणि परीक्षेची फी एवढ्यापुरता. कॉलेजच्या कार्यक्रमाला मी पाचशे रुपये दिले, विद्यापीठाला कधी एक रुपया द्यावा असे मनातही आले नाही. आता यात दोष कोणाचा? मी स्वतः सरकारी टेबलाच्या आतल्या बाजूला बसतो. आमच्याकडे येणारा माणूस अर्ज देतो, पावती घेतो, दाखला नेतो. वीस वर्षांत कोणी परत येऊन "तुमच्या खात्याला काही मदत हवी का?" असे विचारले नाही, आणि तशी अपेक्षाही मी करत नाही. संलग्न कॉलेजातल्या मुलाच्या लेखी विद्यापीठ हे असेच एक खाते आहे. फी भरली, कागद मिळाला, व्यवहार संपला.

जे विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारातच एम.ए., एम.एस्सी. करतात त्यांची गोष्ट वेगळी. वसतिगृह, ग्रंथालय, कॅन्टीन, सरांशी घातलेले वाद, हे त्यांच्या आठवणीत असते. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे दाखले आपल्याकडे नेहमी दिले जातात, पण तिथला पदवीचा विद्यार्थीही चार वर्षे विद्यापीठाच्याच आवारात वाढतो हे आपण विसरतो. आपल्याकडे आवारात वाढणारे मूठभर, बाकी सगळे कागदोपत्री.

दुसरी गोष्ट जन्माची. बेळगावची के.एल.ई. सोसायटी 1916 साली सात शिक्षकांनी काढली. सरकारी आदेशाने नव्हे, लोकांच्या दारात जाऊन. शिरसंगीचे लिंगराज आणि वंटमुरीचे राजा लखमगौडा ही दात्यांची नावे आजही तिथल्या कॉलेजांवर आहेत. आर.पी.डी.वर सावंतवाडीच्या राणी पार्वतीदेवींचे नाव आहे. त्याच 1916 साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. ते वर्षानुवर्षे झोळी घेऊन फिरले, म्हातारपणी युरोप, अमेरिका, जपान, आफ्रिका पालथी घातली, एकेक रुपयाची वर्गणी घेतली. 1920 साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले आणि विद्यापीठाला आईचे नाव लाभले. मोठी देणगी आली ती चार वर्षे लहान माणसांपुढे हात पसरल्यानंतर. ज्याने एक रुपया दिला त्याला ते विद्यापीठ आपले वाटले, कारण त्यात त्याचा रुपया होता. आपली अलीकडची विद्यापीठे जन्मली ती विधानसभेत, कायद्याने. कोणी जांबोटीच्या ओसरीवर येऊन "मूठभर तांदूळ द्या" म्हटले नाही. मागितलेच नाही तर देणार कोण?

आता मागायला सुरुवात झाली आहे, पण कशामुळे? 'नॅक'च्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचे योगदान हा एक निकष आहे. त्यामुळे समिती येण्याआधी संघटना नोंदवायची, मेळावा घ्यायचा, फोटो काढायचे. नोंदवहीतला रकाना भरण्यासाठी केलेले काम मी लांबून ओळखतो, तो माझा रोजचा धंदा आहे. विद्यार्थ्यालाही ते ओळखू येते.

हे सगळे कोरडे वाद आहेत असे कोणाला वाटेल, म्हणून एक गोष्ट सांगतो. कर्नाटकाने 2022-23च्या सुमारास काढलेल्या नव्या छोट्या विद्यापीठांपैकी बहुतेक बंद करावीत, अशी शिफारस 2025 साली मंत्रिमंडळाच्या उपसमितीने केली. कारण पैशांचे. बागलकोटचे नावही त्यात होते. पंधरा वर्षांत मुलांच्या पदवीवर धारवाड, बेळगाव, बागलकोट अशी तीन नावे आली, आणि चौथे पान उलटायची वेळ आली! अशा वेळी संस्थेच्या पाठीशी कोण उभे राहते याला महत्त्व येते. देणगी ही नंतरची गोष्ट. 'हे आमचे आहे, याला हात लावू नका' असे म्हणणारी माणसे लागतात, आणि ती एका मेळाव्यात तयार होत नाहीत.

मग करायचे काय? मी शिक्षणतज्ज्ञ नाही, पण साधी गोष्ट सुचते. विद्यापीठाने आधी गावात यावे. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात मलप्रभेचा उगम आहे, म्हादईचे पाणी आहे, जंगल आहे, कन्नड, मराठी आणि कोकणी एकाच बाजारात बोलली जाते. इथल्या मुलांकडून वर्षभर इथलाच इतिहास, इथल्याच झाडांची नि शब्दांची नोंद करून घ्यावी, आणि ती त्या त्या भाषेत गावाला परत द्यावी. प्रत्येक मुलाला तीन वर्षांत चार दिवस तरी आवारात राहायला बोलवावे. पदवी ऑफिसच्या खिडकीतून न देता तालुक्याच्या गावी, आईवडिलांसमोर द्यावी. यातले काही फुकट होणार नाही, पण पुतळे आणि कमानींपेक्षा स्वस्तात होईल.

निघताना मामा तसबिरी पुन्हा टांगत होते. आजोबांची मधोमध, बाकी दोन्ही बाजूंना. मामेभावाची टांगताना त्यांनी नाव वाचले आणि म्हणाले, "नातवाच्या वेळी कोणतं असेल कोण जाणे!" आम्ही हसलो.

घरी आल्यावर कपाटातून माझे पदवीपत्र काढले. प्लॅस्टिकच्या पिशवीत होते, कडा पिवळ्या पडल्या आहेत. पुढच्या शनिवारी ताळगावला जायचे ठरवले आहे, निदान ग्रंथालय तरी पाहून यावे. वाचकहो, तुमच्या पदवीवर कोणाचे नाव आहे? आणि तुम्ही तिथे शेवटचे कधी गेला होता?