सफरचंदाच्या झाडाखाली न्यूटन नेमकं काय म्हणाला? डायरेक्ट-इनडायरेक्टचा संशोधनाशी संबंध



आठवी-नववीत डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच आपण सगळ्यांनीच पाठ केलं आहे. अवतरणचिन्हं काढा, 'दॅट' घाला, 'आय'चा 'ही' करा, 'इज'चा 'वॉज', 'टुमारो'चा 'द नेक्स्ट डे'. मार्क मिळाले, विषय संपला. पीएच.डी.ला आल्यावर मला कळलं की तो विषय संपलेला नव्हता, तिथून सुरू होत होता.

माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी एका जुन्या शोधनिबंधातलं वाक्य अवतरणचिन्हांत दिलं होतं. गाईडनी विचारलं, "मूळ पेपरमध्ये हे कुठल्या पानावर आहे?" मी मूळ पेपर उघडला, तर ते वाक्य तिथे नव्हतंच. मी वाचला होता एक आढावा-लेख. त्याच्या लेखकाने मूळ निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत सांगितला होता, म्हणजे इनडायरेक्टमध्ये. मी त्यालाच अवतरणचिन्हं लावून डायरेक्ट करून टाकलं होतं. शाळेत असा उलटा प्रश्नही असतो आणि त्याला मार्क मिळतात. संशोधनात मात्र त्याला दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालणं म्हणतात.

हे नीट समजण्यासाठी विज्ञानाच्या इतिहासातलं सगळ्यांना माहीत असलेलं एक उदाहरण घेऊ.

१५ एप्रिल १७२६. लंडनजवळच्या केन्सिंग्टनमध्ये विल्यम स्टकली न्यूटनच्या घरी जेवायला गेला होता. न्यूटनचं वय तेव्हा ८३. जेवणानंतर दोघं बागेत सफरचंदाच्या झाडांच्या सावलीत चहा प्यायला बसले. तिथे न्यूटनने सांगितलं की गुरुत्वाकर्षणाची कल्पना सुचली तेव्हाही तो असाच बसला होता. स्टकलीने हे आपल्या आठवणींत लिहिलं ते १७५२ मध्ये. मूळ प्रसंग १६६५-६६ च्या प्लेगच्या काळातला मानला जातो. म्हणजे घडल्यापासून सांगण्यापर्यंत साधारण ६० वर्षं आणि सांगितल्यापासून लिहिण्यापर्यंत आणखी २६.

आता स्टकलीच्या लिहिण्याकडे व्याकरणाच्या नजरेने बघा. सुरुवात इनडायरेक्टमध्ये आहे : न्यूटनने मला असं असं सांगितलं. पण पुढे, सफरचंद नेहमी सरळ खालीच का पडतं, बाजूला किंवा वर का जात नाही, हे प्रश्न तो न्यूटनच्या मनातलेच शब्द असल्यासारखे देतो. इनडायरेक्टमधून गाडी हळूच डायरेक्टवर येते.

दुसरा साक्षीदार आहे जॉन कॉन्ड्युइट, न्यूटनच्या भाचीचा नवरा. तोही सुरुवात 'न्यूटनच्या मनात असं आलं की' अशीच करतो आणि तोही पुढे न्यूटनला स्वतःशी बोलायला लावतो. फक्त त्याचा न्यूटन वेगळाच प्रश्न विचारतो : ही शक्ती चंद्रापर्यंत का पोचू नये? व्हॉल्टेअरनेही ही गोष्ट १७२७ मध्येच छापली होती आणि ती न्यूटनच्या भाचीकडून कळल्याचं पुढे लिहिलं.

आता तुम्हीच ठरवा, यातलं काय धरायचं? बाग, पडणारं सफरचंद आणि त्यावरून आलेला गुरुत्वाकर्षणाचा विचार, एवढं सगळीकडे जुळतं. शब्द जुळत नाहीत. म्हणून "न्यूटनने उतारवयात जवळच्यांना असं सांगितलं" हे वाक्य तुम्ही निर्धास्त लिहू शकता. त्याचे प्रश्न अवतरणचिन्हांत घालून "न्यूटन म्हणाला" असं लिहिलंत, तर ते शब्द स्टकलीचे की न्यूटनचे, याचं उत्तर तुमच्याकडे नसेल. आणि डोक्यावर पडलेलं सफरचंद? ते स्टकलीकडे नाही आणि कॉन्ड्युइटकडेही नाही.

ही अडचण फार जुनी आहे. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजने आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच मान्य केलं की भाषणं शब्दशः लक्षात ठेवणं अवघड होतं, म्हणून एकूण आशयाला धरून प्रसंगाला शोभेल असं बोलणं त्याने लिहिलं. दिसायला डायरेक्ट, पण हमी फक्त आशयाची. उलट सीझरने गॉलच्या युद्धाच्या वृत्तांतात शत्रूंची लांबलचक भाषणंसुद्धा इनडायरेक्टमध्ये दिली. लॅटिनमध्ये या रचनेला 'ओरॅशिओ ओब्लिक्वा' म्हणतात. इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं पुढे लॅटिनच्या साच्यावर बेतली गेली आणि हे प्रकरण तिकडून आपल्या शाळेपर्यंत पोचलं. अवतरणचिन्हांवरही फार विसंबू नका. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये संवाद भरपूर आहेत, पण अवतरणचिन्हं नाहीत. शब्दशः उताऱ्याची खूण म्हणून ती पक्की व्हायला नंतर बराच काळ गेला.

आता मराठीची गंमत बघा. "तो म्हणाला की मी उद्या येतो." यात 'मी' कोण, बोलणारा की सांगणारा? संदर्भानेच कळतं. काळही बदलत नाही. इंग्रजीत मात्र सर्वनाम आणि काळ दोन्ही बदलावे लागतात, म्हणून मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिताना आपण हमखास इथेच अडखळतो.

काळाच्या नियमाला एक अपवाद आपण पाठ केलेला असतो : त्रिकालाबाधित सत्य असेल तर वर्तमानकाळ बदलायचा नाही. शिक्षक म्हणाले की पृथ्वी सूर्याभोवती फिरते, इथे 'मूव्ह्ज' तसंच राहतं. संशोधनात हा अपवादच सर्वात जास्त कामाचा. न्यूटनने १६७२ च्या निबंधात दाखवलं की पांढरा प्रकाश अनेक रंगांच्या किरणांचा बनलेला आहे. इथे इंग्रजीत 'इज' लिहा, कारण ते आपण आजही मानतो. पण प्रकाश म्हणजे सूक्ष्म कणांचा झोत, हे त्याचं मत सांगताना 'वॉज' लिहा, कारण ते मत त्याचं होतं, तुम्ही त्याला सही देत नाही. शाळेत 'इज' की 'वॉज' हा एका मार्काचा प्रश्न होता. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये तो तुमचा निर्णय असतो. क्रियापदाचंही तसंच. मूळ लेखकाने शक्यता वर्तवली असेल आणि तुम्ही 'सिद्ध केलं' लिहिलंत, तर व्याकरण बरोबर आणि विधान खोटं.

म्हणून मी आता तीन गोष्टी पाळते. अवतरणचिन्हं लावायची तर मूळ पान समोर उघडं हवं. मूळ मिळालं नाही, तर कोणाच्या लेखातून वाचलं ते स्पष्ट लिहायचं. आणि नोट्स काढतानाच त्यांचे शब्द आणि माझे शब्द वेगळ्या शाईने लिहायचे, कारण सहा महिन्यांनी माझं मलाच ओळखू येत नाही.

सिनॉप्सिस लिहायला घेतला असेल, तर आज त्यातलं एकच अवतरण निवडा आणि त्याचं मूळ पान शोधून बघा. सापडलं तर उत्तमच. नाही सापडलं, तर गाईडनी विचारायच्या आधी तुम्हाला कळलं, हेही काही कमी नाही.