लाल दिवा, डायनॅमो आणि आल्टरनेटर

जुनी गाडी सकाळी सेल घेईना झाली की आपल्याकडे आरोपी ठरलेला असतो. बॅटरी! नवी टाका, दोन महिन्यांनी पुन्हा धक्का मारा. आता बॅटरी म्हणजे नुसती तिजोरी हो. रोजचा भरणा करणारा वेगळाच असतो, आणि त्याचा इतिहास माहीत असला की चोर लवकर सापडतो.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर आणला. त्याआधी हँडल मारायचं, आणि उलटा झटका बसला तर मनगट गेलं. केटरिंगच्या रचनेत एकच यंत्र आधी इंजिन फिरवायचं आणि मग इंजिनच्या जोरावर स्वतः फिरून बॅटरी भरायचं. पुढे ही कामं वेगळी झाली आणि भरण्याचं काम डायनॅमोकडे आलं.

डायनॅमोत तयार झालेला सगळा करंट फिरत्या आर्मेचरमधून, कम्युटेटर आणि कार्बन ब्रशमार्गे बाहेर येतो. त्यामुळे त्याच्या वेगाला मर्यादा, करंटलाही मर्यादा. इंग्रजी गाड्यांत सर्रास दिसणारा लुकासचा सी-४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपियर द्यायचा, तेही गाडी बऱ्यापैकी पळत असताना. सिग्नलला इंजिन मंद झालं की त्याचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा खाली यायचा आणि कटआऊट त्याला सर्किटमधून बाहेर काढायचा (नाहीतर बॅटरीच डायनॅमोला मोटर समजून फिरवायला लागेल!). नुसते ४५ वॅटचे दोन हेडलाईट म्हणजे साडेसात अँपियर. वर वायपर, टेललाईट, इग्निशन. पावसाळी रात्र आणि ट्रॅफिक जॅम म्हणजे सगळा खर्च तिजोरीतून. सिग्नलला लाल दिवा मिणमिणला तर त्या काळात कुणी दचकत नसे. ते नॉर्मलच होतं.

आल्टरनेटरने हा खेळ उलटा केला. चुंबक फिरतं, वीज बाहेरच्या स्थिर गुंडाळ्यांतून निघते, आणि ब्रशमधून जातो फक्त फील्डचा दोन-तीन अँपियर करंट. कल्पना नवी नव्हती, थ्री-फेज यंत्रं १८८० च्या दशकापासून होती. अडलं होतं एसीचं डीसी करण्यापाशी. बॉनेटखालची उष्णता सोसणारे, छोटे आणि स्वस्त सिलिकॉन डायोड आले तेव्हा कुठे जमलं. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटमध्ये आल्टरनेटर दिला आणि मग हळूहळू सगळ्यांनी.

यंत्र बदललं, पण तपासणीची पद्धत? डायनॅमोच्या जमान्यातली युक्ती अशी: गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढा. इंजिन बंद पडलं तर डायनॅमो गेला. तेव्हा हे बऱ्यापैकी खपून जायचं. आल्टरनेटरला मात्र हे जीवघेणं. बॅटरीचा आधार अचानक सुटला तरी फील्डमधलं चुंबकत्व क्षणात उतरत नाही, व्होल्टेज उसळतो आणि डायोड किंवा रेग्युलेटर जळतो. म्हणजे तपासणीनेच रोगी मारायचा! ही युक्ती आजही काही गॅरेजमध्ये भक्तिभावाने चालते.

आमच्या मामांच्या पद्मिनीत डायनॅमो काढून कधीतरी आल्टरनेटर बसवलेला होता. दोन बॅटऱ्या झाल्या, मामा गाडी विकायला निघाले. गंमत अशी की गावाला जाऊन आलं की आठवडाभर गाडी ठणठणीत. मल्टीमीटर लावला. इंजिन बंद असताना १२.३ व्होल्ट, चालू केल्यावरही १२.२. खरं तर १४ च्या आसपास हवा. पट्टा घट्ट, वायरी स्वच्छ. मग लक्षात आलं की चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतच नाही. मामा म्हणाले, "अरे, दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीकच ना?"

इथेच इतिहास कामी आला. डायनॅमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतं, त्यावर तो आपोआप जागा होतो. तिथे दिवा फक्त खबऱ्या. आल्टरनेटरमध्ये हे उरलेलं चुंबकत्व बहुधा पुरत नाही, म्हणून सुरुवातीचा फील्ड करंट त्या दिव्यातूनच येतो. बल्ब उडाला की आल्टरनेटर झोपलेला. हायवेवर इंजिन जोरात फिरलं की तो कसाबसा स्वतःहून जागा व्हायचा, आणि एकदा जागा झाला की इंजिन बंद होईपर्यंत चार्जिंग करायचा. शहरातल्या चकरांत ती वेळच यायची नाही.

२.२ वॅटचा बल्ब टाकला. चावी फिरवली, दिवा लागला. इंजिन चालू केलं, विझला. मीटरवर १४.१.

काही कंपन्यांनी पुढे या दिव्याला समांतर एक रेझिस्टर द्यायला सुरुवात केली, म्हणजे बल्ब गेला तरी चार्जिंग चालू राहतं. मामांच्या गाडीतही मग तो डॅशबोर्डमागे सोल्डर करून टाकला. विक्रीची जाहिरात अजून त्यांच्या डायरीत लिहिलेली आहे म्हणे, छापायला मात्र गेली नाही.