लग्नाआधी दंड सुडौल करण्याचे व्यायाम : काय शक्य आहे आणि किती आठवड्यांत?

लग्नाची तारीख ठरली की शालू-पैठणीच्या खरेदीपाठोपाठ ब्लाउजचे माप द्यायची वेळ येते आणि अनेक मुलींचे लक्ष तेव्हा पहिल्यांदा आपल्या दंडाकडे जाते. बाहीवर जरीकाम, दंडावर वाकी किंवा बाजूबंद आणि दिवसभर चालणारे फोटो, त्यामुळे शरीराचा हा एवढासा भाग एकाएकी महत्त्वाचा होतो. मग ‘सात दिवसांत दंडाची चरबी घालवणारे व्यायाम’ अशा व्हिडिओंचा शोध सुरू होतो. या वाक्यातले ‘सात दिवसांत’ चुकीचे आहे आणि ‘दंडाची चरबी घालवणारे’ हेही चुकीचे आहे. ‘व्यायाम’ तेवढे बरोबर आहे. योग्य व्यायामाने दंडाचा आकार खरोखर बदलतो, फक्त तो वेगळ्या मार्गाने बदलतो आणि त्याला साधारण तीन महिने लागतात.

दंडात नेमके काय असते?

खांद्यापासून कोपरापर्यंत एकच हाड असते. त्याच्या पुढच्या बाजूला बायसेप्स आणि त्याखालचा एक स्नायू हात दुमडतात, तर मागच्या बाजूचा ट्रायसेप्स हात सरळ करतो. दंड म्हटले की बायसेप्सच डोळ्यांपुढे येतो, पण दंडातल्या स्नायूंचा मोठा वाटा, ढोबळमानाने दोन तृतीयांश, ट्रायसेप्सचा असतो. या स्नायूंवर चरबीचा थर आणि त्यावर त्वचा. स्त्रियांमध्ये हा थर दंडाच्या मागच्या बाजूला जास्त असतो. हात वर केल्यावर लोंबतो तो हाच भाग.

स्नायू आणि चरबी या दोन वेगवेगळ्या पेशीसमूहांच्या गोष्टी आहेत. चरबीचा स्नायू होत नाही आणि व्यायाम सोडला म्हणून स्नायूची चरबीही होत नाही. जिममध्ये ज्याला ‘टोनिंग’ म्हणतात, तो काही व्यायामाचा निराळा प्रकार नाही. खालचा स्नायू थोडा भरला आणि वरची चरबी थोडी उतरली की जे दिसते, त्याला दिलेले ते नाव आहे.

एकाच जागेची चरबी का जात नाही?

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर टेनिसपटूंच्या हातांत आहे. टेनिसपटू वर्षानुवर्षे एकाच हाताने खेळतात. १९७१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा खेळाडूंचे दोन्ही हात मोजले गेले. खेळणारा हात घेराने मोठा होता, पण त्वचेखालच्या चरबीच्या जाडीत दोन्ही हातांत लक्षणीय फरक नव्हता. वर्षांच्या सरावाने स्नायू वाढला. चरबी मात्र दोन्हीकडे सारखीच राहिली.

कारण सोपे आहे. शरीराला ऊर्जा हवी असते तेव्हा हार्मोन्सच्या इशाऱ्यावर ठिकठिकाणच्या चरबीपेशींतून मेदाम्ले रक्तात सोडली जातात आणि रक्त ती गरज असेल तिथे नेते. दंडाचा स्नायू काम करतो म्हणून त्याच्या शेजारचीच चरबी आधी खर्च होईल, असा हिशेब शरीर ठेवत नाही. कुठली चरबी आधी उतरेल हे बरेचसे आनुवंशिकतेवर ठरते. एखादीचा चेहरा आधी उतरतो आणि दंड शेवटी, तर तिच्या सख्ख्या बहिणीचे उलटेही होऊ शकते.

म्हणजे चरबी कुठून जावी हे आपल्या हातात नाही, पण स्नायू कुठे भरावा हे पूर्णपणे आपल्या हातात आहे. दंडाचे व्यायाम करायचे ते यासाठी.

कोणते व्यायाम?

ट्रायसेप्ससाठी सर्वांत सोयीची सुरुवात म्हणजे भिंतीवरचे पुशअप. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे खांद्यांच्या उंचीला टेकवायचे, कोपरे अंगाच्या जवळ ठेवून छाती भिंतीकडे न्यायची आणि परत ढकलायचे. हे बारा-पंधरा वेळा सहज जमू लागले की हात स्वयंपाकाच्या ओट्यावर टेकवायचे, त्यानंतर पक्क्या पलंगाच्या कडेवर, मग गुडघे टेकून जमिनीवर. हात जितके खाली जातात तितके शरीराचे जास्त वजन दंडावर येते. आखाड्यातले जोर हे याच कुळातले, पण ते पुढच्या पायरीचे आहेत. सूर्यनमस्कारातही खाली जाताना आणि वर उठताना दंडावर भार येतो. तो उपयोगी पडावा असे वाटत असेल तर झपाट्याने शंभर घालण्यापेक्षा थोडे, पण सावकाश खाली जात घालावेत.

दुसरा व्यायाम डोक्यावरून करायचा. एक डंबेल दोन्ही हातांनी धरून हात डोक्यावर सरळ न्यायचे, कोपरे कानांजवळ स्थिर ठेवून डंबेल मानेमागे खाली आणायचे आणि पुन्हा वर न्यायचे. ट्रायसेप्सच्या तीन भागांपैकी लांब भाग खांद्याच्या पात्यापासून सुरू होतो. त्यामुळे हात वर असताना तो चांगला ताणला जातो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात लोकांनी १२ आठवडे एक हात डोक्यावर ठेवून आणि दुसरा अंगाजवळ ठेवून हाच व्यायाम केला. डोक्यावर ठेवलेल्या हाताचा ट्रायसेप्स स्पष्टपणे जास्त वाढला. घरात एकच डंबेल असेल तर त्याचा सर्वांत चांगला वापर हाच.

यांच्या जोडीला पाठीसाठी ‘रोइंग’ (कमरेतून पुढे वाकून वजन पोटाकडे ओढणे), खांद्यासाठी वजन डोक्यावर ढकलणे आणि बायसेप्ससाठी वजन धरून कोपर दुमडणे एवढे पुरेसे आहे. यातला रोइंग बहुतेक जणी वगळतात, आणि तीच मोठी चूक. पाठीचा वरचा भाग मजबूत झाला की खांदे मागे येतात. उभे राहण्याची ढब सुधारते. बॅकलेस किंवा खोल गळ्याच्या ब्लाउजमध्ये तर दंडाच्या आधी पाठच दिसते. खुर्चीच्या कडेवर हात टेकवून खाली-वर होण्याचा ‘डिप्स’ हा व्यायाम व्हिडिओंत फार लोकप्रिय आहे, पण त्यात खांदा मागे अवघड कोनात ताणला जातो. नवख्या व्यक्तीने तो टाळलेला बरा.

वजन किती घ्यावे?

अर्ध्या किलोचे रंगीत डंबेल घेऊन गाण्याच्या तालावर पन्नास-साठ वेळा हात हलवणे हा सर्वांत सामान्य प्रकार आणि सर्वांत कमी फळ देणाराही. स्नायू वाढतो तो त्याला नेहमीपेक्षा जास्त काम पडल्यावर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांवर उपचार करताना हळूहळू वाढत्या वजनाची पद्धत रूढ केली. आजचे सगळे ताकदीचे व्यायाम त्याच तत्त्वावर उभे आहेत.

व्यवहारात कसोटी अशी : आठ ते पंधरा वेळा उचलता येईल, पण शेवटच्या दोन-तीन वेळा दात-ओठ खावे लागतील, असे वजन योग्य. असे दोन ते तीन सेट, मध्ये मिनिट-दोन मिनिटे विश्रांती. डोक्यावरच्या व्यायामासाठी अनेक जणींना दोन-तीन किलोपासून सुरुवात जमते, रोइंगला त्याहून जास्त लागते. डंबेल नसेल तर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली साधारण एक किलोची होते आणि पिशवीत डाळीची पाकिटे भरून वजन वाढवत नेता येते. अगदी हलक्या वजनानेही स्नायू वाढू शकतो, पण तेव्हा हात जवळजवळ उचलेनासा होईपर्यंत थांबता येत नाही. पंधरा वेळा सहज होऊ लागले की वजन वाढवायचे. वहीत तारीख आणि वजन लिहून ठेवले की हे विसरत नाही.

वजन उचलल्याने हात पुरुषी होतील ही भीती अनेक घरांत असते, बहुधा आई किंवा आजीच ती बोलून दाखवतात. स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन पुरुषांच्या तुलनेत फारच कमी असते. शरीरसौष्ठवपटूंसारखे दंड व्हायला वर्षानुवर्षांची कठोर मेहनत आणि खास आहार लागतो. तीन महिन्यांत चुकून तसे होत नाही.

दिवसांचा हिशेब

आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, एवढे पुरे. प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत आणि १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम, उदाहरणार्थ भरभर चालणे, करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. हे गणित लग्नघरालाही तसेच लागू पडते.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद वाढते, पण आरशात फारसे दिसत नाही. या काळातली वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. मेंदू त्याच स्नायूकडून जास्त काम करून घ्यायला शिकतो. बहुतेक जणी नेमक्या इथेच कंटाळून सोडतात. डोळ्यांना दिसण्यासारखा फरक साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पडू लागतो आणि बाराव्या आठवड्यापर्यंत तो घरच्यांच्याही लक्षात येतो. म्हणून मार्गशीर्षातल्या लग्नासाठी गणपतीच्या सुमारास आणि वैशाखातल्या लग्नासाठी माघात सुरुवात करावी.

टेपवर मात्र फार विसंबू नये. चरबी उतरताना स्नायू भरत असेल तर दंडाचा घेर जवळपास तेवढाच राहू शकतो आणि तरी दंड घट्ट दिसतो. मोजायचेच तर खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, सकाळी, महिन्यातून एकदा. व्यायामानंतर लगेच मोजू नये, कारण तेव्हा रक्तप्रवाह वाढून दंड तात्पुरता फुगलेला असतो. ब्लाउजचे शेवटचे माप लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधी द्यावे आणि बाहीला आतून माया ठेवायला सांगावे. तंग बाही दंडात रुतते आणि तिच्या कडेला चांगल्या दंडाचाही फुगवटा दिसतो. चारच आठवडे हातात असतील तर व्यायामाइतकाच फायदा बाही अर्धा इंच सैल करून होईल.

केळवणे आणि उपासमार

लग्नाआधीचे दिवस केळवणांचे. एका आठवड्यात तीन घरी पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी होते आणि घाबरून पुढचे दहा दिवस फक्त फळे किंवा सूप. दंडासाठी यातले दुसरे जास्त घातक आहे. खूप कमी खाल्ले आणि ताकदीचा व्यायाम नसला तर चरबीबरोबर स्नायूही झिजतो. वजनकाटा खुश करतो, पण दंड अधिकच सैल दिसतो. शिवाय एकदम उपासमार केल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळू शकतात, म्हणजे ऐन लग्नाच्या वेळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. दम लागणे, थकवा, चक्कर असे काही असेल तर डाएटच्या आधी हिमोग्लोबिन तपासावे.

वजन कमी करायचे असेल तर आठवड्याला अर्धा किलोपर्यंतचा वेग पुरतो. प्रथिने मात्र वाढवावी लागतात. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार सामान्य प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला साधारण १.२ ते १.६ ग्रॅम. ६० किलोच्या मुलीसाठी हे रोज ७२ ते ९६ ग्रॅम होतात. वरण-भात, पोळी-भाजी एवढ्यावर हा आकडा गाठणे कठीण. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा कडधान्यात ७ ग्रॅम प्रथिने असतात. त्यामुळे मटकीची उसळ, पिठले, दही, अंडी, मासे, चिकन, सोयाबीन यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. केळवणाच्या घरी पुरणपोळी जरूर खावी. तीन महिन्यांतल्या आठ-दहा जेवणांनी काही बिघडत नाही.

कुठे थांबावे?

नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात दुखणे स्वाभाविक आहे. सांध्यात टोचल्यासारखे दुखणे, हाताला मुंग्या येणे स्वाभाविक नाही. पहिल्याच दिवशी अतिरेक केल्याने दंड खूप सुजला, हात सरळ होईना आणि लघवी गडद तपकिरी झाली तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरल्याचे ते लक्षण असू शकते आणि त्याने मूत्रपिंडाला इजा होते. एकच हात सुजत असेल, किंवा दोन्ही दंडांवर दुखरी, दाबल्यावर ठणकणारी आणि वजन उतरूनही न हलणारी चरबी असेल, तर तोही व्यायामाचा नव्हे, तपासणीचा विषय आहे.

शेवटच्या आठवड्यात नवीन काहीही सुरू करू नये. अनोळखी व्यायामाने दुखणारे हात दोन-तीन दिवस वर होत नाहीत आणि हार घालताना ते सगळ्यांना दिसते. शेवटचा जोरकस व्यायाम लग्नाच्या चार-पाच दिवस आधी उरकावा. त्यानंतर चालणे आणि हलके ताणण्याचे व्यायाम पुरेत, कारण कासाराकडून हिरवा चुडा भरून झाल्यावर मनगट टेकवून करायचे व्यायाम तसेही बंदच ठेवावे लागतात.