बिघडलेले पॅकेज: सीडीपासून सहीपर्यंत

लिनक्स अद्ययावत करताना ‘पॅकेज करप्ट आहे’ अशी तक्रार येते, तिचे कारण प्रत्येक काळात वेगळे होते. पॅकेज ज्या वाटेने संगणकापर्यंत पोचे, त्या वाटेवरच ते बिघडे.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले ते महानगरांत. खानदेशातील तालुक्याच्या गावांना त्यानंतरही बराच काळ सीडीचाच आधार होता. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने 1996 पासून अंकासोबत लिनक्सची सीडी देण्यास सुरुवात केली, 2003 मध्ये ‘लिनक्स फॉर यू’ आले आणि उबुंटूच्या सीडी तर 2011 पर्यंत टपालाने फुकट मिळत. डायल-अप जोडणी 56 केबीपीएसच्या पूर्ण वेगाने चालली, तरी 700 एमबी उतरवायला जवळपास 29 तास लागले असते. तेवढा वेळ फोनची लाइन टिकणे अवघडच. ओरखडे पडलेली किंवा घाईने जास्त वेगात ‘राइट’ केलेली सीडी हे त्या काळातील बिघाडाचे मुख्य कारण. त्यावर उपाय एमडी5 बेरजेचा. ‘एमडी5सम’ ही आज्ञा फाइलमधून 32 अक्षरांची ओळ काढते. प्रकाशकाने दिलेल्या ओळीशी ती अक्षर न् अक्षर जुळली, तरच सीडी वापरायची.

ब्रॉडबँड आल्यावर पॅकेजे थेट उतरू लागली, पण 2005 नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाची होती. अद्ययावतीकरण अर्ध्यावर असताना वीज गेली, की काही पॅकेजे उलगडलेली पण न बसवलेली अशी लटकत राहत. डेबियन-उबुंटूवर पॅकेजे बसवणाऱ्या डीपीकेजीची ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा ते अर्धवट काम पूर्ण करते. अधिक वाईट प्रकार 2009 मध्ये दिसला. ईएक्सटी4 ही नवी फाइलव्यवस्था मजकूर डिस्कवर उशिरा लिहीत असल्याने वीज गेल्यावर काही फाइली शून्य लांबीच्या उरत. 2010 मध्ये डीपीकेजीत प्रत्येक फाइल डिस्कवर उतरल्याची खात्री करण्याची सोय झाली. त्यामुळे पॅकेज बसवणे संथ झाले. मात्र जिथे वीज केव्हाही जाते, तिथे तो सौदा निःसंशय फायद्याचा होता.

दरम्यान मोठाच प्रश्न पुढे आला होता. नोव्हेंबर 2003 मध्ये डेबियन या लिनक्स-प्रणालीच्या सर्व्हरांत घुसखोरी झाली. पॅकेजांना धक्का लागला नाही. पण घुसखोराने पॅकेजसोबत त्याची बेरीजही बदलली, तर ती तपासून काय उपयोग? शिवाय 2004 मध्ये एमडी5 फोडता येते हेही सिद्ध झाले. 2007 च्या डेबियन ‘एच’ आवृत्तीपासून सह्यांची साखळी आली: पॅकेजची बेरीज यादीत, यादीची बेरीज ‘रिलीज’ फाइलीत आणि त्या फाइलीवर डेबियनची सही. आर्च लिनक्सच्या पॅकमन या पॅकेज बसवणाऱ्या साधनात सह्यांची तपासणी ऑक्टोबर 2011 मध्ये, चौथ्या आवृत्तीसोबत आली.

तेव्हापासून धडधाकट पॅकेजही ‘करप्ट’ ठरू शकते. आर्चचा संगणक बरेच महिने बंद राहिला, तर त्यातील सह्या पडताळण्याच्या किल्ल्यांचा जुडगा जुना होतो आणि नव्या सह्या त्याला ओळखता येत नाहीत. अशा वेळी ‘आर्चलिनक्स-कीरिंग’ हे पॅकेज आधी नवे करून लगेच उरलेली सगळी प्रणाली अद्ययावत करावी. सही तपासणेच बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. मदरबोर्डवरील सेल संपून तारीख मागे गेली, तरी सही अमान्य ठरते. तेव्हा घड्याळ लावले की पुरते.

उबुंटू-डेबियनवरील ‘हॅश सम मिसमॅच’चे मूळ बहुधा वाटेतच असते: मिरर, म्हणजे पॅकेजांची प्रत ठेवणारा सर्व्हर, नव्याने भरला जात असताना जुनी यादी व नवी फाइल हाती येणे, किंवा मधल्या प्रॉक्सीने शिळी प्रत देणे. 2016 पासून यादीच्या फाइली त्यांच्या बेरजेच्याच नावाने ठेवण्याची सोय झाल्यावर पहिला प्रकार बराच घटला. ‘अॅप्ट क्लीन’ने साठवलेल्या प्रती काढून दुसरा मिरर निवडला, तर उरलेल्या बहुतेक तक्रारी मिटतात. त्यानेही भागले नाही, तर एकाच फाइलीची बेरीज दोनदा काढावी. दोन्ही वेळी वेगळे उत्तर आले, तर दोष इंटरनेटचा नसून रॅमचा किंवा डिस्कचा असतो आणि मेमटेस्ट चालवून आधी रॅम तपासावी लागते.