चढाईपटूची सवय संगणकाला कशी कळते?

भाईंदर : राई, मुर्धे, मोर्वा नाहीतर उत्तन, डोंगरी. गावातल्या मैदानावर कबड्डी रंगली की जाणती मंडळी कडेला बसूनच ओरडतात, "हा डावीकडूनच घुसणार, कोपरा सांभाळा!" वर्षानुवर्षं खेळ बघून आलेली ही नजर. मोठ्या संघांत आता या नजरेच्या जोडीला लॅपटॉप असतो आणि तो चालवणाऱ्याला म्हणतात ॲनालिस्ट, म्हणजे खेळाचा विश्लेषक.

यात जादू काही नाही. सामन्याचं चित्रीकरण होतं आणि प्रत्येक चढाईची नोंद होते. चढाई कोणाची, तो आत कुठून शिरला, किती सेकंद थांबला, बोनस घेतला की हात मारला, पकड झाली तर कोणी केली आणि कशी – घोटा, पट की कंबर. एक चढाई 30 सेकंदांची आणि सामना 40 मिनिटांचा, म्हणजे साधारण 80 नोंदी. असे दहा सामने जमले की 800 चढायांचा हिशेब हाताशी येतो. मग संगणकाला विचारायचं, 'समोर तीनच गडी असताना हा काय करतो?' त्या सगळ्या चढाया एकापाठोपाठ पडद्यावर येतात.

प्रश्नही नेमकाच विचारावा लागतो. मैदानात तीन किंवा कमी बचावपटू असताना पकड झाली तर जादा गुण मिळतो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरी 'करो या मरो', गुण नाही आला तर चढाईपटू बाद. अशा वेळी दडपणाखाली माणूस आपल्या जुन्या सवयीवर जातो, आणि विश्लेषकाला हवी असते तीच सवय. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून प्रो कबड्डी जिंकली. तीन गुणांचं अंतर, म्हणजे एकदोन चढायांचा खेळ!

क्रिकेटमध्ये हे जुनं आहे. मुंबईच्या आनंदजी डोसांनी संगणक नसताना हातानं आकडे जपले. चेंडूचा मार्ग अनेक कॅमेऱ्यांतून काढणारी हॉक-आय यंत्रणा 2001 मध्ये इंग्लंडमधल्या प्रक्षेपणात आली. कबड्डीत मात्र सात जण एकमेकांवर पडतात, कॅमेऱ्याला पाय कोणाचा तेच कळत नाही. बोट लागलं की नाही, हे अजूनही माणूसच व्हिडिओ मागेपुढे करून ठरवतो.

आकडा फसवतोही. समजा, एखाद्या पोरानं 'करो या मरो'च्या पाच चढाया केल्या आणि तीन यशस्वी झाल्या. कागदावर 60 टक्के दिसतं, पण पाचावरून काय ठरणार? समोरचा संघ तगडा होता की लिंबूटिंबू, मॅट होती की माती, हेही लिहिलेलं हवं. नाहीतर दुबळ्या संघांविरुद्ध गुण लुटणारा निवडला जातो आणि कठीण सामन्यांत झुंजणारा घरी बसतो.

टेनिस क्रिकेटवाल्यांसाठी तर हा पोटापाण्याचा विषय होत चालला आहे. गावोगावचे सामने क्रिकहीरोजसारख्या ॲपवर चेंडूगणिक नोंदले जातात, आणि स्पर्धेच्या लिलावात मालक आधी मोबाइलवर खेळाडूची नोंद उघडतो. मार्च 2024 मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर टेनिस चेंडूची आयएसपीएल स्पर्धा भरली, तेव्हापासून पोरांचं त्याकडे जास्तच लक्ष आहे. अशा वेळी स्कोअर लिहिणाऱ्यानं तुमच्या धावा दुसऱ्याच्या नावावर टाकल्या, किंवा तुमची दोन खाती निघाली, तर नुकसान तुमचंच. सामना संपल्या संपल्या आपली नोंद तपासून घ्यावी, दुरुस्ती तेव्हाच सोपी जाते.

गावच्या कबड्डी संघाला महागडं काही लागत नाही. मैदानाच्या टोकाला, मध्यरेषा आणि दोन्ही कोपरे दिसतील अशा उंचीवर बांबूला मोबाइल घट्ट बांधायचा. कडेनं घेतलेल्या चित्रीकरणात खेळाडू एकमेकांच्या आड जातात, ते टाळावं. नोंदीला शाळेची वही चालते.