घोणस रक्त पातळ करत नाही

पराटी कमरेला लागली आणि सोयाबीन सोंगणीला आलं की अमरावती-अकोल्याच्या शिवारात परड निघण्याची धास्ती सुरू होते. परड म्हणजे घोणस. तिच्या विषाबद्दल पारावर, औषधाच्या दुकानात आणि कधी कधी दवाखान्याच्या ओट्यावरही एकच गोष्ट ठामपणे सांगितली जाते, की हे विष रक्त पातळ करतं. त्यातून पुढचा उपायही आपोआप ठरतो. रक्त पातळ झालंय ना, मग ते घट्ट होईल असं काहीतरी टोचा. व्हिटॅमिन के द्या, प्लाझ्मा चढवा.

हा समज हवेतून आलेला नाही. दंश झालेल्या माणसाचं रक्त खरोखरच गोठत नाही. हिरड्यांतून येतं, लघवीतून जातं, सुई टोचलेल्या जागेतून झिरपत राहतं. डोळ्यांना जे दिसलं त्यावरून लोकांनी कारण ताडलं, पण ताडलं ते नेमकं उलटं. घोणसचं विष रक्त गोठवतं. इतक्या झपाट्याने आणि अंगभर इतक्या ठिकाणी गोठवतं, की गोठायला लागणारा मालच संपून जातो.

याचा पुरावा जुना आहे. 1934 साली लंडनमध्ये रॉबर्ट ग्विन मॅकफार्लेन हे डॉक्टर आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयाचे सर्पतज्ज्ञ बर्जेस बार्नेट यांनी घोणसचं अतिशय सौम्य केलेलं विष हिमोफिलियाच्या रुग्णांच्या वाहत्या जखमांवर लावून रक्तस्राव थांबवला. आजही मोठ्या प्रयोगशाळांत रक्त गोठण्याचा एक तपास याच विषाच्या थेंबाने होतो. रक्त पातळ करणाऱ्या द्रव्याला हे काम जमलंच नसतं.

विषात नेमकं काय असतं? प्रथिनं कापणारी विकरं. त्यांतलं एक रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी दहाव्या घटकाला गाठतं आणि त्या लांबलचक प्रथिनाचा एक सांधा कापतं. जखम झाल्यावर आपल्या शरीराचं स्वतःचं विकर जो सांधा कापतं, नेमका तोच. दुसरं एक विकर पाचव्या घटकावर असाच घाव घालतं. दोन्ही घटक जागे होतात, थ्रॉम्बिन तयार होतं, थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनला कापून त्याचे धागे करतं. मागोमाग ते धागे विरघळवणारी यंत्रणाही कामाला लागते. काटेपूर्णा धरणाच्या कालव्याचे सगळे दरवाजे एका रात्रीत उघडावेत आणि दुसऱ्या दिवशी कालवा कोरडा पडावा, तशी फायब्रिनोजेनची गत होते. उरलेलं रक्त वाहतं, कारण त्यात गोठण्यासारखं काही राहिलेलंच नसतं. जखम कुठेच नसताना शरीराला जखमेचा सांगावा पोचतो, आणि शरीर तो खरा मानतं.

इथे एका मोठ्या गैरसमजालाही हात घालायला हवा. प्रथिन कापणारं विकर म्हटलं की आपल्याला पोटातलं पचन आठवतं, म्हणजे तुकडे करणं, नासवणं. शाळेच्या पुस्तकांनी ही समजूत पक्की केली. पण पेशींच्या जगात असा एक नेमका काप हा पुष्कळदा निरोप असतो. 1991 साली शॉन कफलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीवरचा थ्रॉम्बिनचा ग्राहक (रिसेप्टर) शोधला, तेव्हा दिसलं ते विलक्षण होतं. थ्रॉम्बिन त्या ग्राहकाचं टोक छाटतं आणि छाटल्यावर उघडं पडलेलं नवं टोक त्याच ग्राहकात जाऊन बसतं. किल्ली बाहेरून येतच नाही, ती कापातून तयार होते. रक्तातल्या बिंबिका या इशाऱ्यावर गोळा होतात. आणि या निरोपाला परतीची वाट नाही, कापलेला सांधा पुन्हा जुळत नाही. रक्त गोठताना एक विकर दुसऱ्याला कापून जागं करतं, अशी साखळी 1964 साली मांडणाऱ्यांत तेच मॅकफार्लेन होते, तीस वर्षांपूर्वी घोणसचं विष हाताळणारे.

यावर कोणी म्हणेल, विषातली काही विकरं रक्तवाहिन्यांचं अस्तरही फोडतात, तेव्हा नासधूस होतेच की. होते, आणि दंशाच्या जागची सूज व रक्तस्राव यांत त्यांचा वाटा मोठा आहे. पण म्हणून रक्त पातळ होण्याची गोष्ट खरी ठरत नाही. उलट ती गोष्ट घातकच ठरते. रुग्णाच्या रक्तात व्हिटॅमिन के कमी पडलेलं नसतं, त्यामुळे ते इंजेक्शन इथे काही करत नाही. प्रतिविष देण्याआधीच प्लाझ्मा चढवला तर मोकाट विकराला कापायला ताजा माल मिळतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्या मूत्रपिंडांवर घाला घालतात, आणि दंशातून वाचलेला माणूस डायलिसिसच्या खाटेवर जातो. दंशावर ब्लेडने चीर देणारे तर गोठू न शकणाऱ्या रक्ताला नवी वाट काढून देतात. 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा अंदाज आहे. त्यात शेतात राबणारे किती असतील हे वऱ्हाडाला वेगळं सांगायला नको.

प्रतिविष विकराला धरून ठेवतं, कापलेलं प्रथिन मात्र जोडत नाही. यकृताने नवे घटक तयार करायला काही तास जातात. म्हणून प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी पुन्हा तपास करायचा असतो. तो तपास साधा आहे. काचेच्या नव्या, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदा तिरपं करून बघायचं. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानेच रक्तातला बारावा घटक जागा होतो आणि पुढच्याला कापतो. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत धडधाकट माणसाचं रक्तही वीस मिनिटांत गोठेलच असं नाही, आणि विष भिनल्याचा खोटा निष्कर्ष निघू शकतो. धारणीपासून पातूरपर्यंत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पेरणीच्या आधीच अशा कोऱ्या काचेच्या नळ्या आणि पुरेसं प्रतिविष पोचलेलं असलं पाहिजे.